काम सुटलं, ईएसआयचं काय?

चाकण, वाळूज, अंबड. एमआयडीसी कुठलीही घ्या, ठेकेदाराकडच्या माणसाचं काम सुटलं की तो गेटपास परत करतो, हिशेबासाठी चार चकरा मारतो आणि गावाची गाडी पकडतो. पगाराच्या पावतीवर दरमहा ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) नावानं कापलेले पैसे बेकारीतही उपयोगी पडू शकतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

‘ईएसआय म्हणजे दवाखाना’ हा सगळ्यांत मोठा गैरसमज. सोळा हजार पगार असेल तर कामगाराचे 120 रुपये कापले जातात आणि मालक 520 भरतो. या विम्यातूनच 1 जुलै 2018 पासून ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ सुरू झाली. तिच्यात आधी सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के मिळत. 2020 मध्ये ते 50 टक्के झाले. रोज सरासरी 500 रुपये पडत असतील तर दिवसाला 250, म्हणजे जास्तीत जास्त 90 दिवसांचे 22,500. घरभाडं आणि किराणा सांभाळत दुसरं काम शोधायला एवढ्यानं मोठा आधार होतो.

‘बेकार आहे म्हटलं की भत्ता मिळतो’ हेही खरं नाही. योजना फक्त विमाधारकांसाठी आहे, आणि साधारणपणे महिना 21,000 पर्यंत पगार असणाऱ्यांनाच ईएसआय लागू होतो. काम सुटण्याआधी किमान दोन वर्षं विमा असावा लागतो. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे असतात. काम सुटण्याच्या लगेच आधीच्या टप्प्यात 78 दिवसांची वर्गणी हवी, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीनपैकी एका टप्प्यातही तेवढीच. म्हणून ठेकेदार बदलला तरी विमा क्रमांक जुनाच द्या आणि वर्गणी जमा होते का, ते ईएसआयच्या पोर्टलवर पाहत राहा.

आता सर्वांत घातक गोष्ट. ‘राजीनामा लिहून दे, हिशेब लवकर होईल’ असं सांगून कोऱ्या कागदावर सही घेतली जाते. पण आपणहून काम सोडलं, स्वेच्छानिवृत्ती घेतली किंवा गैरवर्तनासाठी काढलं गेलं, तर ही मदत मिळत नाही. मालकानं कामावरून कमी केलं असेल तर तसंच लेखी मागा. न वाचता सही करू नका.

‘मालकानं अर्ज पुढे पाठवला नाही तर संपलं’ अशी भीतीही नको. 2020 पासून कामगार थेट ईएसआयच्या शाखा कार्यालयात दावा करू शकतो, तोही काम सुटल्यावर पूर्वीप्रमाणे 90 नव्हे, तर 30 दिवसांनी. आधार आणि बँक खातं विमा क्रमांकाशी जोडलेलं असावं. पैसे खात्यातच येतात.

जबाबदारी आपल्यावरही आहे. मदत चालू असताना नवं काम लागलं तर त्या दिवसापासून ती थांबते, आणि ते कळवायलाच हवं. खोटी माहिती देणं गुन्हा आहे. दोन मालकांकडे विमा असेल तर दोन्ही कामं सुटल्यावरच माणूस बेकार धरला जातो. आणि हे 90 दिवस आयुष्यभराचे आहेत, दर नोकरीमागचे नव्हेत.

कारखानाच बंद पडला किंवा कामगार कपात झाली तर 2005 ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना वेगळी आहे. तिच्यात मदत 24 महिन्यांपर्यंत मिळू शकते.

अटल योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून ताजी स्थिती शाखेत विचारा. आणि ओळखीत कुणाचं काम नुकतंच सुटलं असेल, तर गावाची गाडी पकडण्याआधी त्याला तिथं घेऊन जा.