विश्लेषण : इलेक्ट्रिक गिटारसाठी परवडणारे वाह पेडल कसे निवडावे?

इलेक्ट्रिक गिटार झाली, छोटा ॲम्प्लिफायर झाला, की अनेकांना वेध लागतात ते वाह पेडलचे. पायाने पुढे-मागे केले की गिटार ‘बोलू’ लागते. मात्र या पेडलच्या किमतींत मोठी तफावत आहे. साठवलेल्या पैशांतून एकच पेडल घ्यायचे असेल, तर काय तपासावे?

वाह पेडल काय करते?

हा पायाने फिरवायचा फिल्टर आहे. गिटारच्या आवाजातील ठरावीक कंपनांचा पट्टा तो ठळक करतो. टाच दाबलेली असताना हा पट्टा साधारण ४०० हर्ट्झच्या आसपास असतो. चवडा दाबत नेला, की तो सुमारे २ हजार हर्ट्झपर्यंत सरकतो. ‘ऊ’ म्हणता म्हणता तोंड उघडून ‘आ’ म्हटल्यावर जो बदल ऐकू येतो, तसाच हा प्रकार.

त्याचा शोध कसा लागला?

काटकसरीतून! १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील थॉमस ऑर्गन कंपनीला व्हॉक्स ॲम्प्लिफायरमधील महागड्या स्विचऐवजी स्वस्त पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरता नॉब, बसवायचा होता. त्यासाठी अभियंता ब्रॅड प्लंकेट यांनी केलेल्या सर्किटमधून हा आवाज सापडला. मग ते ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलमध्ये बसवले गेले. जिमी हेंड्रिक्सच्या १९६८ च्या ‘व्हूडू चाइल्ड (स्लाइट रिटर्न)’ने तो जगभर पोहोचवला.

महाग आणि स्वस्त यांत फरक कशाचा?

मूळ सर्किट साधे आहे. दोन ट्रान्झिस्टर, एक कॉइल आणि मोजके सुटे भाग. त्यामुळे स्वस्त पेडलमधूनही चांगला ‘वाह’ मिळू शकतो. महागड्या मॉडेलमध्ये पट्टा कमी-जास्त करण्याची सोय, वेगळ्या दर्जाची कॉइल असे पर्याय मिळतात. नवशिक्याने आधी पाहावेत ते हलणारे भाग, कारण झिजतात ते तेच.

पॉटचे घ्यावे की ऑप्टिकल?

डनलॉप क्राय बेबी जीसीबी ९५ किंवा व्हॉक्स व्ही ८४७ यांसारख्या पेडलमध्ये दातेरी पट्टी पॉट फिरवते. पॉट झिजला किंवा त्यात धूळ गेली, की खरखर सुरू होते. पण तो बदलता येतो. मॉर्ली कंपनीची पेडल, तसेच बेहरिंगरचे एचबी ०१ ऑप्टिकल आहेत. त्यांत प्रकाश आणि सेन्सर पॉटचे काम करतात, त्यामुळे ही खरखर टळते. मात्र बिघाड झाल्यास दुरुस्ती तुलनेने किचकट ठरते.

दुकानात काय तपासावे?

• पेडल सावकाश पुढे-मागे करा. खरखर किंवा मध्येच आवाज तुटणे नको.
• चवडा जोरात दाबून स्विच चालू-बंद करा. बसून वाजवणाऱ्यांना कडक स्विच त्रासदायक ठरतो.
• पेडल बंद ठेवून वाजवा. गिटार थेट ॲम्प्लिफायरला जोडल्यावर येतो त्यापेक्षा आवाज मंद वाटतो का, ते ऐका.
• फरशीवर ठेवून पाहा. हलके पेडल पायाखालून सरकते.

ॲडॉप्टर कोणता लावावा?

बहुतेक वाह पेडलना ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण असलेला ॲडॉप्टर लागतो. राउटरचा ॲडॉप्टर अनेकदा १२ व्होल्टचा आणि मधली पिन धन असलेला असतो. पिन बसली म्हणून तो लावला, तर पेडल कायमचे बिघडू शकते. पेडलवरील खूण पाहूनच जोडावा. बॅटरी वापरत असल्यास वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढून ठेवावी. ती जोडलेली राहिली, तर अनेक पेडलमध्ये बॅटरी उतरत राहते.

जुने पेडल घ्यावे का?

धातूच्या बॉडीचे, पॉट असलेले जुने पेडल अनेकदा फायद्याचा सौदा ठरते. फक्त खरखर असेल, तर ती दाखवून किंमत कमी करून घ्यावी. पण आवाजच येत नसेल, तर दुरुस्तीचा अंदाज घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

घेण्याआधी आणखी एक गोष्ट. घरात झूम जी१एक्स फोरसारखा पाय-पेडल असलेला मल्टी-इफेक्ट असेल, तर त्यात वाह आधीच आहे. महिनाभर त्यावर वाजवून पाहावे. पाय वारंवार तिकडेच वळत असेल, तर वेगळ्या पेडलवर खर्च करायला हरकत नाही.