आधी भावाशी समेट
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या जामच्या चौरस्त्यावरून एक रस्ता चंद्रपूरला जातो, एक हैदराबादला. वर्धेचा रस्ता वेगळा. त्या रस्त्याने कॉलेजात असताना मी पहिल्यांदा मगनवाडी पाहिली. तिथे राहून गेलेल्या एका ख्रिस्ती माणसाविषयी आज बोलायचे आहे. मी मुसलमान. आमच्या घरी येशूला हजरत ईसा म्हणतात आणि ते नाव अदबीनेच घेतात.

जोसेफ चेल्लादुरै कुमारप्पा यांचा जन्म १८९२ मध्ये तंजावरला झाला. ते लंडनला हिशेबनीस झाले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. १९२९ मध्ये त्यांची गांधीजींशी भेट झाली. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि ते वर्धेचे झाले. पुढे याच जिल्ह्यातल्या सेलडोहला त्यांनी आश्रम केला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली, एक अर्थशास्त्रावर आणि एक येशूच्या आचरणावर. मला ती एकाच पुस्तकाचे दोन भाग वाटतात.

असे का वाटते, ते सांगतो. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवले की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. नीट पाहा. तुझ्या मनात राग असेल तर, असे तो म्हणत नाही. भावाच्या मनात असेल तर, असे म्हणतो. म्हणजे भावाला काय सलते आहे, ते आधी आपल्याला कळायला हवे. त्यासाठी त्याच्या जागी जाऊन बसावे लागते. ख्रिस्ती साधनेत शांती करणे म्हणजे नुसते गप्प राहणे नव्हे, ते इथून सुरू होते.

कुमारप्पांनी हा भाऊ बाजारात शोधला. त्यांचे एक उदाहरण कोकोच्या डब्याचे आहे. कोको आफ्रिकेत वेठीच्या मजुरांनी पिकवला असेल, बंदुकीच्या पहाऱ्यात समुद्रातून आला असेल, तर डबा विकत घेणाराही त्या हिंसेत वाटेकरी होतो. जवळच्या माणसाने केलेली वस्तू घेतली, तर तो कसा जगतो ते निदान डोळ्यांनी दिसते. घाणीचे तेल आणि हातकागद यांमागे त्यांचा हा हिशेब होता. हिशेबनीसच ते!

सत्याग्रहाच्या काळात सत्याग्रह ख्रिस्ताच्या शिकवणीत बसतो की नाही, यावरून त्यांनी कलकत्त्याच्या बिशप वेस्टकॉट यांच्याशी पत्रांतून वाद घातला. स्वभावाने ते तापट होते. मला तर त्यामुळेच ते जवळचे वाटतात. थंड डोक्याच्या माणसाला शांतीचा सराव तो किती लागणार?

सेवाग्रामला मार्जरी साइक्स नावाच्या क्वेकर शिक्षिका राहिल्या. क्वेकर मंडळी उपासनेला गप्प बसतात, ऐकतात. १९६४ मध्ये नागालँडमध्ये शस्त्रसंधी झाली, तेव्हा शांतता निरीक्षकांच्या चमूत बाई होत्या. ऐकायची सवय तिथे कामी आली असणार.

माझे आणि भाईजानचे धुऱ्यावरून चार वर्षे बोलणे बंद होते. त्याने दोन तासं माझ्या वावरात घातली, असे माझे म्हणणे. त्याचे म्हणणे काय, हे मी विचारलेच नव्हते. मागच्या रमजान ईदच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. भाभीने चहा ठेवला. बऱ्याच वेळाने भाईजान बोलला, ते धुऱ्याचे नव्हतेच. अब्बा आजारी असताना मी नागपूरहून चार दिवस उशिरा आलो होतो. ते चार दिवस त्याने एकट्याने काढले होते. मला ते आठवतही नव्हते.

धुरा अजून मोजायचा आहे. मोजणीवाला आला की दोघांनी सोबत वावरात जायचे, एवढे ठरले आहे.