हजार वॅटची हूल

नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर एक आकडा हमखास छापलेला असायचा : १००० वॅट, आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’. आमच्याकडेही असा एक होता. त्याच्या पाठीवरच्या पट्टीवर मात्र लिहिलं होतं, वीज लागते २० वॅट. भिंतीतून वीस वॅट घेऊन हजार वॅट बाहेर टाकणारं यंत्र खरंच असतं, तर कोयनेचं धरण बांधावंच लागलं नसतं.

ती अक्षरं आता क्वचितच दिसतात, हूल मात्र टिकून आहे. बेताच्या पैशांत होम थिएटर जुळवायला निघालेला माणूस दुकानात शिरताच विचारतो, ‘किती वॅटचा?’ खरं तर आधी विचारावं, ‘स्पीकरची सेन्सिटिव्हिटी किती?’

सेन्सिटिव्हिटी म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो ते. साधारण ८८ डेसिबलचा स्पीकर घेऊ. सोफा दहा फुटांवर, म्हणजे तीन मीटरवर. मोकळ्या हवेत एवढ्या अंतरात साडेनऊ डेसिबल गळतात. बंद खोलीत भिंती आवाज परतवतात, म्हणून थोडे कमीच. तरी एका वॅटमध्ये कानाशी ७८ डेसिबल उरतात. घरात संवाद ऐकायला ६५ पुरतात. त्यासाठी लागणारी वीज वॅटच्या विसाव्या हिश्शाइतकी! स्फोटाच्या क्षणी ९५ डेसिबल हवे असतील, तर ४५ वॅट लागतील, तेही निमिषभर.

डेसिबलचा हिशेब गुणाकाराचा असतो. तीन डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात, आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट. म्हणून ५० वॅटचा रिसीव्हर (स्पीकरना वीज पुरवणारा डबा) सोडून १०० वॅटचा घेतला, तर पदरात पडतात तीन डेसिबल. तेवढेच तीन ८५ ऐवजी ८८ डेसिबलचा स्पीकर निवडूनही मिळतात. अर्थात हेही फुकट नसतं. लहान खोकं, खोल बास आणि जास्त सेन्सिटिव्हिटी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. कोणत्या तरी एकीवर पाणी सोडावं लागतं. स्पीकर बनवणारे याला हॉफमनचा ‘पोलादी नियम’ म्हणतात.

रिसीव्हरचा आकडा वाचताना त्याखालच्या अटीही वाचाव्यात. ‘एकच चॅनल, १ किलोहर्ट्‌झ, १० टक्के विकृती’ असं असेल, तर तो आकडा दर्शनी समजावा. ‘८ ओहम, २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ, दोन चॅनल’ या अटीवर दिलेला आकडा लहान दिसतो, पण प्रामाणिक असतो. बाकी, टीव्हीचा आवाज एका एचडीएमआय तारेने परत घेणारी सोय आणि माइक लावून खोलीचं मोजमाप घेणारी सोय, एवढं असलं की पाच चॅनलचा साधा रिसीव्हर दहा बाय बाराच्या हॉलला भरपूर झाला.

वाचलेले पैसे सेंटर स्पीकरवर घालावेत, असं माझं ठाम मत आहे. ५.१ च्या मिश्रणात बहुतेक संवाद त्याच एका स्पीकरमधून येतात. ‘काय म्हणाला तो?’ हा प्रश्न घरात वारंवार उठत असेल, तर दोष पुष्कळदा तिथेच असतो. सेंटर स्पीकर पुढच्या दोन स्पीकरच्याच मालिकेतला घ्यावा. नाहीतर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या मोटारीचा आवाज वाटेत मध्येच बदलतो. मागचे दोन स्पीकर पुढच्या दिवाळीला घेतले तरी चालतात.

‘.१’ म्हणजे सबवूफर. ८० हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी सव्वाचार मीटर. एवढी लांब लहर कुठून आली, हे आपल्या कानांना नीट ओळखता येत नाही. त्यामुळे सबवूफर टीव्हीशेजारीच हवा असं नाही. पण ही लहर खोलीशीच खेळते. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्‌झचा सूर अडकून घुमतो : भिंतीपाशी धडाड, खोलीच्या बरोबर मध्ये जवळजवळ शांत. सोफा मधोमध असेल, तर महागड्या सबवूफरचा बासही बिचारा वाटतो, आणि खालच्या मजल्यावरचे मात्र तक्रार घेऊन येतात.

यावरचा उपाय हास्यास्पद, पण फुकट आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा, बासचं गाणं लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरायचं. जिथे बास भरीव आणि सारखा ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवायचा. आमच्याकडे ती जागा नेमकी शिलाई मशीनची निघाली. वाटाघाटी चालू आहेत.