जुनं ते फिरतं – लेखांक ६ : स्टेल्व्हियोच्या आधीचा महिना

मागच्या आठवड्यात एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार विकत घेताना पत्रा नेमका कुठे ठोकून पाहायचा, ते पाहिलं. गाडी आता दारात उभी आहे आणि मालकाने बेतही जाहीर करून टाकला आहे. जूनअखेर इंग्लंडहून निघायचं, फोकस्टनला गाडी आगगाडीत चढवायची, पस्तीस मिनिटांत कॅलेला उतरायचं आणि फ्रान्स-स्वित्झर्लंडमार्गे इटलीतल्या स्टेल्व्हियो घाटाच्या माथ्यावर, २,७५७ मीटरवर, जाऊन कॉफी प्यायची. कॅलेपासून तिथवर हजारेक किलोमीटर. आजच्या गाडीला हे दीड दिवसाचं काम. साठीला आलेल्या गाडीसाठी मात्र आधी महिनाभर हात काळे करावे लागतात.

एमजीबीच का? एक म्हणजे ती भरपूर आहे. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या, त्यामुळे तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो. दुसरं, ती चिवट आहे. १९६३ च्या ल मां शर्यतीत कारखान्याची एमजीबी वळणावरच्या वाळूत रुतली. चालकाने दीड तासाच्या आसपास वाळू उपसून ती बाहेर काढली आणि एवढा वेळ गमावूनही गाडी बारावी आली. १,७९८ सीसीचं तिचं इंजिन घरगुती सेडान गाड्यांच्या कुळातलं. ताकद सुमारे ९५ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या मध्यम हॅचबॅकइतकीच, पण तक्रार कमी.

अशा गाड्या वाटेत बंद पडतात, तेव्हा इंजिन फुटलेलं क्वचितच असतं. फुटलेली असते डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखालची बोटभर रोटर आर्म, किंवा बसलेला असतो कंडेन्सर. गंमत अशी की यातला बराचसा माल हौसेने, सहलीसाठी म्हणून, नुकताच नवा टाकलेला असतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांसाठी आज बाजारात मिळणाऱ्या काही रोटर आर्ममध्ये पितळी पट्टी धरून ठेवणारा रिव्हेट आतल्या शाफ्टच्या फार जवळ येतो. ठिणगी प्लगकडे जायची ती तिथून खाली उतरते आणि गाडी धावता धावता गप्प होते. कंडेन्सरचीही हीच कथा. म्हणून जाणते फिटर मालकाला पहिलीच अट घालतात : सगळं काम निघण्याच्या महिनाभर आधी संपवायचं, मग गाडी निदान पाचशे किलोमीटर पळवायची, आणि शेवटच्या आठवड्यात तिला पाना लावायचा नाही. काढलेला जुना पण चालू भाग फेकायचाही नाही. तो डिकीत.

कामाची सुरुवात पेट्रोलपासून. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल म्हणजे ई१०, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं. जुन्या गाड्यांनी पाच टक्क्यांचं महाग ‘सुपर’ वापरावं, असा सरकारचाच सल्ला आहे. फ्रान्समध्ये पंपावर ‘एसपी९५-ई१०’ अशी पाटी दिसली की तिथून सरकून ‘एसपी९८’च्या नळीशी जायचं. ऊस पिकवणाऱ्या आणि ई२० वर वाद घालणाऱ्या महाराष्ट्राला हे प्रकरण नव्याने समजावून सांगायला नको. इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या होस पाइपाच्या आतला थर मऊ पडतो, त्याचे काळे कण कार्बोरेटरच्या फ्लोटमध्ये जाऊन बसतात आणि पेट्रोल वाहायला लागतं. एमजीबीत कार्बोरेटर एक्झॉस्टच्या बरोबर वर असतात, हे लक्षात घेतलं की पेट्रोल वाहण्याला एवढं का घाबरायचं ते कळतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा सगळा रबरी होस बदलायचा आणि नव्यावर ‘आर९’ हा शिक्का आहे ना, ते पाहूनच घ्यायचा.

पेट्रोल पंप स्वतःच बोलतो. मागच्या चाकापुढे, बॅटरीच्या पेटीला खेटून बसलेला एसयू कंपनीचा हा विजेचा पंप. चावी फिरवली, इंजिन सुरू केलं नाही, की मागून टकटकटक असा भराभर आवाज येतो, मग तो संथ होतो आणि फ्लोट भरले की थांबतो. तो थांबलाच नाही तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर टाकी रिकामी. मुळात सुरूच झाला नाही तर आतले पॉइंट चिकटलेत. रस्त्यावर यावर एकच उपाय : गाडीखाली वाकायचं आणि हातोडीच्या दांड्याने पंपाला एक हलकी चापट द्यायची. पंप बहुधा सुरू होतो आणि बहुधा हॉटेलपर्यंत चालतो. त्यापुढे मात्र नवा लागतो, म्हणून डिकीत दुसरा ठेवतात.

आता पाणी. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहूनही कमी असतो आणि उघड्या भांड्यातलं पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. गाडी तरते ती रेडिएटरच्या झाकणावर. दहा पौंडांचं झाकण उकळबिंदू साधारण सोळा-सतरा अंशांनी वर नेतं. झाकणाचं रबर वाळलेलं असेल तर ही सगळी गंगाजळी पहिल्या दहा वळणांत वाफ होऊन जाते. नवं झाकण, नवा थर्मोस्टॅट, नवे होस, निम्मं अँटिफ्रीझ आणि निम्मं पाणी, एवढं सगळेच करतात. जे करत नाहीत ते म्हणजे इंजिन ब्लॉक धुणं. ब्लॉकच्या बाजूला पाणी सोडायचा एक छोटा नळ असतो. तो उघडला आणि थेंबही आला नाही, तर समजावं की आत गंजाचा चिखल साचलाय. तारेने खरवडून तो मोकळा केला की पहिल्यांदा भळभळ तांबडं पाणी येतं आणि मालकाचा चेहरा उतरतो. ते स्वच्छ येईपर्यंत उलट्या दिशेने धुवायचं. रेडिएटर गरम असताना त्यावरून हात फिरवला आणि मधेच गार पट्टा लागला, तर तिथल्या नळ्या बुजल्यात.

एवढं करूनही चढावर काटा वर गेलाच तर हीटर पूर्ण उघडायचा. तोही एक छोटा रेडिएटरच आहे. जुलैत पायांवर गरम वारा घेत आल्प्स चढणं कुणाला आवडणार, पण खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून पाण्याचे कॅन ओतणाऱ्यांना हा सौदा स्वस्तच वाटेल. पातळ हवेने इंजिनाची जवळजवळ पाव ताकद जाते, मिश्रण पेट्रोलने जड होतं, मागून काळसर धूर येतो. अशा वेळी तिथल्या तिथे कार्बोरेटरचे स्क्रू पिळायचा मोह होतो. तो आवरावा. खाली उतरल्यावर सगळं आपोआप ठीक होतं, पिळलेले स्क्रू मात्र जागेवर येत नाहीत.

चढण्यापेक्षा उतरणं कठीण, आणि ब्रेकच्या बाबतीत तर हिशेब मांडूनच पाहावा. प्रातो गावापासून माथ्यापर्यंत ४८ तीव्र वळणं आणि सुमारे १,८०० मीटरची उंची, तीही २४-२५ किलोमीटरांत. कार्लो दोनेगानी या इंजिनिअरने ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी १८२० ते १८२५ मध्ये हा रस्ता बांधला, तो घोड्यांच्या दमाला बेतून. दोन माणसं, सामान आणि गाडी मिळून अकराशे किलो वजन ही उंची उतरतं, तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात पन्नास-साठ लिटर गार पाणी उकळून निघेल. इंजिन आणि हवा यातला वाटा उचलतात, बाकीचा जातो पुढच्या दोन डिस्क आणि मागच्या दोन ड्रममध्ये. तिथून तो ब्रेक ऑइलमध्ये शिरतो. ताजं ‘डॉट ४’ ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. पण ते हवेतला ओलावा पितं, आणि पुरेसं पाणी प्यायलं की किमान हमी १५५ अंशांवर येते. उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे, आणि पेडल दाबलं तर थेट जमिनीला. ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं हे पुस्तकात लिहिलेलं असतं. गॅरेजात वर्षातले अकरा महिने झाकून ठेवलेल्या गाडीत ते कितीदा बदलतात, हे विचारू नये. चारी चाकांतून, नवं फिकट सोनेरी ऑइल दिसेपर्यंत, जुनं काढणं हे एका दुपारचं काम आहे, आणि या यादीतलं एकच काम करायचं झालं तर हे करावं. बाकी नियम आपल्या घाटातल्या ट्रकवाल्यांचाच : ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं.

चाकं बघायला तारांची म्हणजे स्पोकची सुंदर असतात, सांभाळायला वैतागवाणी. पान्याच्या टोकाने एकेक तार वाजवत जायची. ताणलेली तार टणकन बोलते, सैल झालेली बद्द करते. दोन-तीन सैल असतील तर सायकलवाला आउट काढतो तशी रिम सरळ करून घ्यावी. तारांच्या भोकांमुळे या चाकांना ट्यूब लागतेच, आणि आतून एखादी तार टोचत असेल तर पंक्चर ठरलेलंच. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी खोल असते म्हणून मालक खूश असतो, आणि आकडे वाचल्यावर कळतं की टायर दहा वर्षांपूर्वीचे आहेत आणि रबराचं लाकूड झालंय. पावसातल्या वळणावर ते लाकडासारखंच वागतं. चाक घट्ट धरणारा मधला मोठा नट तांब्याच्या हातोडीने ठोकून सोडवायचा असतो, आणि गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूंचे आटे उलटसुलट असतात. ही कसरत रस्त्याच्या कडेला पहिल्यांदा करण्यापेक्षा घरच्या अंगणात एकदा करून पाहिलेली बरी.

विजेबद्दल थोडक्यात. ल्युकास कंपनीच्या वायरिंगची चेष्टा जुनीच आहे, पण निम्मे दोष गंजलेल्या अर्थिंगचे असतात. जोड घासून पुसून घट्ट केले की बरीच भुतं पळतात. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत डायनॅमो असतो, तो फार तर २२ अँपिअर देतो. रात्री, पावसात, हेडलाइट, वायपर आणि हीटर एकदम लावले की बॅटरी खर्ची पडते. आणखी एक सापळा : या सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या नेमकं उलट. लायटरच्या खोबणीत मोबाइलचा साधा चार्जर खुपसला की आधी चार्जर जातो, कधी त्यामागोमाग फोन. आणि ब्रिटिश गाडीचा डिपर डावीकडे झुकतो, म्हणजे युरोपात समोरच्याच्या थेट डोळ्यांत. काचेवर लावायच्या पट्ट्या मिळतात, त्या निघण्याआधीच लावाव्यात.

मग उरते डिकीतली पेटी. एमजीबीच्या डिकीत निम्मी जागा स्टेपनीच खाते, त्यामुळे हौशीने सगळं कोंबता येत नाही. पंख्याचा पट्टा, पॉइंट, कंडेन्सर, दोन रोटर आर्म (एक जुनी, चाललेली), कॉइल, वरचा-खालचा होस, फ्यूज, क्लचच्या सिलेंडरचे रबर, ॲक्सिलरेटरची केबल, लोखंडी तार, चिकटपट्टी आणि दोन लिटर २०डब्ल्यू-५० ऑइल. हेड गॅस्केट न्यायचं का, यावर जुन्या गाडीवाल्यांत दोन तट आहेत. ते सपाट आणि हलकं आहे, सीटमागे सरकवता येतं. तिथल्या गॅरेजात मेकॅनिक मिळेल, पण हे गॅस्केट मिळायला तीन दिवस लागतील, असा नेणाऱ्यांचा युक्तिवाद आहे आणि तो पटण्यासारखा आहे.

यापेक्षा कितीतरी लांबचा पल्ला याच घराण्यातल्या एका गाडीने मारला आहे. २०२३ साली अहमदाबादच्या एका कुटुंबाने १९५० सालची तांबडी एमजी वायटी, समुद्राचा टप्पा वगळता, स्वतः चालवत तिच्या जन्मगावी, ॲबिंग्डनला नेली. भारतातून असं निघायचं तर गाडीसाठी ‘कार्ने’ नावाचा सीमाशुल्काचा दस्तऐवज लागतो, आणि मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन तो देते. ब्रिटनहून युरोपात जाणाऱ्याला ती कटकट नाही. त्याला लागतं ते मूळ नोंदणीपत्र, मागे ‘यूके’चं चिन्ह (जुना ‘जीबी’चा बिल्ला सप्टेंबर २०२१ पासून चालत नाही), फ्रान्ससाठी त्रिकोण आणि चमकणारं जाकीट, स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचं वार्षिक व्हिन्येट. शहरांतल्या प्रदूषण-क्षेत्रांचे नियम मात्र देशागणिक वेगळे आहेत. जर्मनी तीस वर्षांपुढच्या वारसा-गाडीला मोकळीक देतो, फ्रान्समध्ये शहराशहराला हिशेब बदलतो. तो गुंता आणि घाटातला प्रत्यक्ष दिवस पुढच्या लेखांकात.