पावसात न भिजणारा वाटाड्या

मुलांनो, जुलै महिन्यात खारघरच्या एखाद्या गच्चीवरून डोंगराकडे पाहिलंय का कधी? कड्यावरून पांढऱ्या धारा लोंबत असतात. वाटतं, पिशवी खांद्याला मारावी आणि थेट तिकडे सुटावं! पण थांबा. आधी एका वाटाड्याची ओळख करून घ्या. त्याला भूक लागत नाही आणि त्याची बॅटरीही संपत नाही. त्याचं नाव स्थलनिर्देशक नकाशा. डोंगरात भटकणारी मंडळी त्याला ‘टोपोशीट’ म्हणतात.

आपल्या देशाचे असे नकाशे ‘सर्व्हे ऑफ इंडिया’ ही सरकारी संस्था तयार करते. ही संस्था १७६७ सालची, म्हणजे अडीचशे वर्षांहून जुनी! २००५ च्या नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठी वेगळी मालिका निघाली. तिचे नकाशे आता संस्थेच्या संकेतस्थळावरही मिळतात. जुन्या क्रमांकांप्रमाणे खारघरचा डोंगर ४७ ई/४ या नकाशात येतो, तर पनवेलजवळचा कर्नाळा ४७ एफ/१ मध्ये. नकाशावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर.

पण सपाट कागदावर डोंगर कसा दाखवणार? आईकडून अर्धा बटाटा मागून घ्या. कापलेली बाजू खाली ठेवा आणि त्याच्या आडव्या चकत्या करा. प्रत्येक चकतीची कड एकाच कागदावर एकात एक गिरवा. झाल्या तुमच्या समोच्च रेषा! नकाशावर त्या तपकिरी असतात आणि दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. रेषा लांब लांब, तर चढ सोपा. रेषा दाटीवाटीनं, तर दम निघणार! खारघरचा पांडवकडा धबधबा सुमारे १०७ मीटर उंच आहे. म्हणजे अशा पाच रेषा एकमेकींना जवळजवळ चिकटल्याच म्हणायच्या.

आता खरी गंमत. रेषांची टोकं उंचीच्या दिशेनं आत शिरली असतील, तर ती घळ. उताराच्या दिशेनं बाहेर आली असतील, तर ती डोंगराची सोंड. घळीतून पुष्कळदा एक बारीक काळी रेघ जाते. बारमाही पाणी निळं दाखवतात. काळी रेघ म्हणजे एरवी कोरडा पडणारा ओढा. मे महिन्यात तुम्ही त्यातून चालत जाल आणि पायही ओला होणार नाही. पण पावसाळ्यात? वरच्या पठारावर सर कोसळली, की सगळं पाणी त्याच घळीत धावतं. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला, तरी लोंढा येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पांडवकड्याजवळ कॉलेजच्या चार मुली अशाच पाण्यात वाहून गेल्या. पावसाळ्यात तिथे जायला बंदी घालतात, ती उगाच नव्हे. म्हणून काळी रेघ दिसली, की मनात तिला निळी रंगवा आणि तिच्यापासून दूर राहा.

आता अडचण बघा. नकाशाची गरज सगळ्यात जास्त कधी? धो धो पावसात, धुक्यात. आणि कागदाचा लगदा कधी होतो? तेव्हाच! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना चक्क रेशमी कापडावर छापलेले नकाशे देत. भिजले तरी ते फाटत नसत. हल्ली प्लॅस्टिकच्या कागदावरही नकाशे छापतात. पण आपण घरीच सोय करू. नकाशाची प्रत लेझर प्रिंटरवर किंवा झेरॉक्सच्या दुकानात काढा, कारण शाईच्या प्रिंटरची शाई पाण्यानं पसरते. हवा तो भाग वर येईल अशी घडी घाला आणि नकाशा जाड पारदर्शक पिशवीत ठेवा. हवा काढून पिशवीचं तोंड दोनदा दुमडा आणि चिकटपट्टी लावा. लॅमिनेशन केलंत तर कडेला बोटभर प्लॅस्टिक राहू द्या, नाहीतर तिथून पाणी शिरतं. आणि मोबाइल? ओल्या बोटांना तो नीट दाद देत नाही, आणि बॅटरी संपली की संपलंच!

पहिली स्वारी पाऊस सरल्यावर, आईबाबांबरोबर, कर्नाळ्याची करा. पिशवीत पाणी ओतून नकाशाची परीक्षा मात्र आदल्या दिवशीच घरी घ्या... अहो, पिशवीत नव्हे, पिशवीवर! वाटेत आपण जिथे आहोत, तिथे नकाशावर अंगठा ठेवा आणि चालता चालता तो पुढे सरकवत राहा. कर्नाळ्याच्या माथ्यावरही अंगठ्यासारखाच सुळका आहे. तुमचा अंगठा त्या अंगठ्यापाशी नेमका पोचला, की समजा, तुम्हाला नकाशा वाचता आला!