दरबारखर्च, अंतस्थ आणि लाच

पेशवाईच्या हिशेबी कागदांत नजर, दरबारखर्च व अंतस्थ या नांवांखालीं रकमा आढळतात. त्या सर्वांस सरसकट लाच म्हणणें आम्हांस युक्त वाटत नाहीं. नजर दरबारांत उघडपणें केली जाई. अंतस्थ गुप्तपणें पोंचे.

परंतु ही सीमा स्थिर नव्हती. एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत तिची हकीकत दिली आहे. मामलेदार ही रक्कम प्रथम मंत्री व हिशेब तपासणारे यांस चोरून देत. पुढें ती ठराविक हक्क बनून इतर खर्चाप्रमाणें हिशेबांत मंजूर होऊं लागली. तरीही लाच लागतच असल्यामुळें तिच्यासाठीं आणखी वसुली बसली. तात्पर्य, वहींतील नोंदीनें देणें निर्दोष ठरत नाहीं. नारदस्मृतींत उत्कोच म्हणून दिलेलें द्रव्य 'अदत्त', म्हणजे न दिल्यासारखें, मानिलें आहे. तेथें देण्याचें कारण पाहिलें जातें.

राजकीय पक्षांच्या देणग्यांतही हाच प्रश्न येतो. २०१८ ची निवडणूक रोखे योजना कायद्यानें चालू झाली, पण देणाराचें नांव मतदारांस कळत नसे. देणगीच्या बदल्यांत कांहीं मिळालें काय, हें पारखण्यास तें नांव अवश्य असतें. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती योजना घटनाबाह्य ठरविली.

यास्तव संग्राहकांस विनंती कीं, अशा कागदाची नक्कल करतांना आंकड्यासोबत सदर, तारीख, देणारा, घेणारा आणि लगतची नेमणूक वा सूट अवश्य उतरून घ्यावी. देणगी कोणती व लाच कोणती, याचा निवाडा त्यांवरूनच करतां येईल.