पिंडाजवळचं बोलणं

पुणे, अहिल्यानगर, नाशिक या पट्ट्यातल्या मोठ्या गावांत दहाव्याचा कार्यक्रम आता ठरून गेलेला आहे. नदीकाठी सरकारी निधीतून बांधलेला घाट, त्यावर पत्र्याची शेड, पुढे सतरंज्या, मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. सकाळी साडेसात-आठला प्रवचन सुरू होतं, कारण नंतर लोकांना कामाला जायचं असतं. घाटाच्या कडेला भाऊबंद डोकी करून घेत असतात, गुरुजी पिंड मांडत असतात आणि शेडमध्ये महाराज देहाच्या नश्वरतेवर बोलत असतात. प्रवचन संपलं की श्रद्धांजली. सूत्रसंचालक हातातल्या चिठ्ठीवरची नावं एकेक करून पुकारतो: कारखान्याचे संचालक, पंचायत समितीचे माजी सभापती, सोसायटीचे चेअरमन, पतसंस्थेचे कुणीतरी. प्रत्येक जण दोन मिनिटं बोलतो. गेलेला माणूस मनमिळाऊ होता, धार्मिक होता, कष्टाळू होता, त्याच्या जाण्याने गावाचं न भरून येणारं नुकसान झालं आहे. यातला एकही शब्द खोटा असतो असं नाही. पण पुढच्या आठवड्यात त्याच शेडमध्ये दुसऱ्याचा दहावा असेल, तेव्हा नावाखेरीज काही बदलावं लागणार नाही. दोन-तीन भाषणांत मयतापेक्षा बोलणाऱ्याच्या गटाचीच माहिती जास्त मिळते. निवडणूक जवळ असेल तर चिठ्ठी आणखी लांबते.

त्याच वेळी, माइकपासून जेमतेम पंधरा-वीस पावलांवर वेगळंच काहीतरी चाललेलं असतं. पिंड ठेवून झालेले असतात आणि कावळा शिवत नसतो. पिंडाशेजारी चहाचा कप, तंबाखूची पुडी, बुंदीचा लाडू, जे त्याला आवडायचं ते मांडलेलं असतं. पाच-दहा मिनिटं जातात. मग कुणीतरी म्हणतं, जीव कशात तरी अडकलाय. इथून खरं बोलणं सुरू होतं. धाकट्याचं लग्न राहिलं, तेच असणार. नाही, बांधाची केस. दोघा भावांनी मिटवतो म्हणा. अहो, म्हातारीची काळजी. बैल विकला तेव्हापासून नीट जेवला नव्हता तो. प्रत्येक अंदाजानिशी थोरला हात जोडून मोठ्यांदा कबूल करतो: आईला मी सांभाळीन, केस मागे घेतो, पुतण्याची फी भरतो. इतकं करूनही कावळा फिरकला नाही तर शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. पण त्या पाऊण तासात माणसाचं जवळजवळ सगळं चरित्र उभं राहिलेलं असतं: त्याला कशाची हौस होती, कोणाशी वैर होतं, काय अर्धवट राहिलं, कोणत्या गोष्टीसाठी तो जन्मभर झुरला. कावळ्यावर विश्वास असो-नसो, या विधीने जमलेल्या लोकांना एक नेमका प्रश्न घातलेला असतो, आणि माइकवर तो कुणी घालत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या गावांत गेलेल्या माणसाचं खरं स्मरण होतं, आणि नेमाने होतं. फक्त जिथे ते टिकेल, ऐकू जाईल, नोंदलं जाईल, त्या प्रत्येक जागी आपण त्याच्याऐवजी दुसरंच काही भरून ठेवलं आहे.

वर्तमानपत्रातली निधन वार्ता घ्या. तालुक्याच्या वार्ताहराकडे घरचं कुणीतरी फोटो आणि चार ओळी पाठवतं. अमुक गावचे ज्येष्ठ नागरिक, वय 82, वृद्धापकाळाने निधन. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन मुली, सुना, नातवंडे असा परिवार. अमक्या संस्थेचे संचालक यांचे ते वडील होत. रक्षाविसर्जन मंगळवारी सकाळी नऊ वाजता. या साच्याची टिंगल करणं सोपं आहे, पण ती अन्यायाची होईल. हा मजकूर दूरच्या पाहुण्यांसाठी असतो. कोण गेलं, आपलं त्याच्याशी नातं काय लागतं, आणि कुठे, कधी पोचायचं, एवढं त्यातून एका दमात कळतं. सूचना म्हणून तो चोख आहे. अडचण अशी की बहुतेकांच्या बाबतीत ही सूचना हाच आयुष्यावर छापून आलेला पहिला आणि शेवटचा मजकूर असतो, आणि त्यात मोजदाद होते ती मागे राहिलेल्यांची. बाईची बातमी असेल तर आणखी पंचाईत. चेअरमनच्या मातोश्री, सरपंचांच्या चुलती, गुरुजींच्या सासूबाई. साठ वर्षं जिने दावणीची जनावरं सांभाळली, बी-बियाण्याचं गाडगं सांभाळलं, वस्तीवरच्या निम्म्या बाळंतिणी मोकळ्या केल्या, तिच्या वाट्याला क्रियापद येतं ते ‘होत’ एवढंच.

सरकारी कागद तरी वेगळे वागतात का? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. मृत्यूची खबर 21 दिवसांच्या आत द्यायची असते आणि गावात ती ग्रामपंचायतीकडे जाते. माहिती देण्याचा जो नमुना क्रमांक 2 आहे त्याचे दोन भाग आहेत. कायदेशीर भागात नाव, आई-वडिलांचं नाव, वय, पत्ता, मृत्यूची तारीख आणि जागा. सांख्यिकी भागात मात्र मृताचा व्यवसाय विचारला आहे, वैद्यकीय मदत मिळाली होती का ते विचारलं आहे, आणि विडी-सिगारेट, तंबाखू, सुपारी, दारू किती वर्षं चालू होती हेही विचारलं आहे. म्हणजे तंबाखूच्या पुडीची दखल पिंडाशेजारी घेतली जाते तशी शासनदरबारीही घेतली जाते. पण कागदी पद्धतीत हा सांख्यिकी भाग बेरजेसाठी वेगळा काढून वर जायचा. घरच्यांच्या हाती पडणाऱ्या दाखल्यावर व्यवसायाचा मागमूस नसतो. पुढे तलाठी कार्यालयात गाव नमुना 6-क, म्हणजे वारसांची नोंदवही. तिथेही प्रश्न तोच: मागे कोण आहे? ज्याने विहीर फोडली, बांध घातले, खडकाळ तुकडा वहितीखाली आणला, त्याचं नाव सातबाऱ्यावर कंस होऊन उरतं.

कागदावर कोणता रकाना असतो यावर पुढे काय शिल्लक राहतं ते ठरतं, याचा पुरावा अगदी ताजा आहे. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली तेव्हा तहसिलांच्या अभिलेख कक्षांतून कोतवाल बुकं, म्हणजे जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14, बाहेर निघाली. मोडी वाचणारे शोधावे लागले. कोणे एके काळी गावच्या कोतवालाने दिलेल्या खबरीवरून लिहिलेली ती एकेक ओळ एवढ्या वर्षांनी राज्याच्या राजकारणाच्या मध्यभागी आली, कारण त्यात जातीचा रकाना होता. त्या वह्यांतली माणसं काय करत, कशात तरबेज होती, कशाला भीत, हे विचारणारा रकाना कुणी आखला नव्हता, त्यामुळे आज कितीही कपाटं उघडली तरी त्यातून ते निघणार नाही.

हे नेहमी असंच होतं असंही नाही. गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पाराजवळ, कधी मंदिराच्या भिंतीत उलटे बसवलेले वीरगळ बघावेत. ते खालून वर वाचायचे. सर्वांत खाली मेलेला किंवा लढणारा वीर, त्याच्या वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. खालच्या पट्टीत गाई कोरलेल्या असतील तर तो गुरं पळवणाऱ्यांशी झुंजताना पडला असं समजायचं. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. माणसाचं नाव पुसलं गेलं, पण त्याने काय केलं ते दगडात राहिलं. याच्या बरोबर उलट टोकाला कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातले हेळवी. सुगीच्या दिवसांत बैल घेऊन ते ठरलेल्या घरी येतात, मागच्या फेरीनंतर जन्मलेल्यांची नावं वहीत चढवतात आणि मूळ पुरुषापासूनची वंशावळ म्हणून दाखवतात. त्यात नावं आहेत, कुठून कुठे स्थलांतर झालं ते आहे, पण ती बाप-मुलगा अशी उतरते आणि कर्तृत्वाला तिच्यात फारशी जागा नाही. फ्लेक्सवरचं ‘प्रथम पुण्यस्मरण’ हे या दुसऱ्या परंपरेचं वारस आहे, पण हेळव्याची चिकाटी त्यात नाही. पावसाळ्यात ते गोठ्यावर झाकण म्हणून जातं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की गावाला सगळं माहीत असतं, मग सांगायचं कोणाला? हे कधीकाळी खरं असेलही. आज दहाव्याला आलेल्यांतला निम्मा गोतावळा चाकण, भोसरी, ठाणे, नवी मुंबईहून पहाटेच्या गाडीने आलेला असतो आणि दुपारी परततो. नातवाला आजोबा उन्हाळ्याच्या सुट्टीतले माहीत. शिवाय गावाला सगळं माहीत असतं म्हणजे नेमकं कोणाला? वाड्याची हकिकत वस्तीला पाठ असते; वस्तीची वाड्याला नसते. मेल्यामागे वाईट बोलू नये, हा दुसरा आक्षेप. तो मला फार अवघड वाटत नाही. माणूस काय करत होता हे सांगणं म्हणजे त्याच्या उखाळ्यापाखाळ्या काढणं नव्हे. पाट फुटला तेव्हा रात्रभर कोण उभं होतं, पाहुण्यांच्या बैलाचे दात बघून वय कोण सांगत असे, शाळेची खोली बांधताना गवंडीकाम कोणी फुकट केलं, हे सांगायला कुणाची बदनामी करावी लागत नाही.

तिसरा आक्षेप मात्र जड आहे. काही घरांना काम सांगायचंच नसतं. बापाने सालगडी म्हणून वीस वर्षं काढली, आई ऊसतोडीला जायची, आजोबा येसकरकी करायचे आणि मेलेली ढोरं ओढायचे. आज नातू इंजिनियर आहे आणि त्याने बातमीत ‘ज्येष्ठ नागरिक’ एवढंच लिहिलं. तो काही चुकला का? जात म्हणून अंगावर लादलेलं काम ओळख म्हणून पुन्हा छापण्यात कसला सन्मान? इथे साचा त्याला संरक्षण देतो, आणि श्रीमंत शेतकऱ्याला मिळतात तेच चार शब्द त्याच्या आजोबांनाही मिळतात, ही समता काही लहान नाही. म्हणून काय सांगायचं याचा निर्णय घरच्यांचाच, हे मान्य करायलाच हवं. प्रवचनकाराने किंवा बाहेरच्या लेखकाने ते ठरवू नये. तरीही एक गोष्ट राहते. कनिष्ठ गावकामगारांची वतनं 1958 च्या कायद्याने संपली. पण कायदा व्हायच्या आधी किंवा झाल्यावर प्रत्यक्ष गावात, ओळखीच्या तोंडांसमोर, उद्यापासून हे काम करणार नाही असं म्हणायला कुणीतरी एक माणूस लागला. गावागावात असा पहिला माणूस होता. त्याने काम केलं हे लपवावंसं वाटेल. त्याने ते सोडलं हे ‘ज्येष्ठ नागरिक’ या दोन शब्दांत बुडून जातं. साचा लाज झाकतो आणि बंडही झाकतो. निदान या एका बाबतीत मला समतेपेक्षा माहिती हवीशी वाटते.

आणि माहिती मिळवायला फार लांब जावं लागत नाही. जुन्या बायका हेल काढून रडतात तेव्हा त्या काय सांगत असतात ते नीट ऐकावं: दुष्काळात कोणी पायलीभर ज्वारी दिली, माहेरी जाताना कोणी गाडी जुंपली, कोणी कधीच माघारी पाठवलं नाही. पुरुषमंडळी त्यांना ‘पुरे आता’ म्हणून गप्प करतात आणि मग मंडपात जाऊन ‘मनमिळाऊ’ म्हणतात. बायकांच्या तोंडचं असलं बोलणं नोंदता येतं हे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी दाखवून दिलं आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि बाईचं नाव, तिचं गाव त्यांना जोडून ठेवलं. दहाव्यासाठी एवढ्या उद्योगाचीही गरज नाही. सुतकामुळे दहा दिवस घरात सगळे एकत्र असतात, हातात काम नसतं, चहावर चहा होतो आणि बोलणं त्याच एका माणसाचं चाललेलं असतं. घरातल्या एका शिकलेल्या मुलीने मोबाइलवर ते टिपून घ्यावं, श्रद्धांजलीच्या चिठ्ठीत संचालकांच्या वर तिचं नाव लिहावं आणि तिला पाच मिनिटं द्यावीत. पण लेकींना आधी विचारावं. सुनांपेक्षा, मुलग्यांपेक्षा त्यांना जुनं जास्त ठाऊक असतं, आणि तेराव्याचं जेवण झालं की त्या आपापल्या गावी जातात.